जेवणाआधीची प्रार्थना

ताटं वाढून झाली. बाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि वाट बघत बसल्या. आधी मास्तरांनी प्रार्थना करायची, मग बाईंनी, हा रोजचा क्रम. पण आज मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना.

ही दोघं नवराबायको समोरासमोर कधी भांडायची नाहीत. जे काय बोलायचं ते जेवणाआधी देवाच्या कानावर घालायचं, दुसऱ्याला ते आपसूक ऐकू जायचं. "प्रभू, ओला टॉवेल पलंगावर न टाकायची बुद्धी कुणाकुणाला दे," असं बाई म्हणाल्या की मास्तर मुकाट्यानं आमेन म्हणायचे. आमेन म्हटलं की विषय मिटला.

आजचा विषय टॉवेलाइतका सोपा नव्हता. मिशनच्या मुख्य ऑफिसनं विचारलं होतं, सेवेची मुदत संपत आली, तुम्ही दोघं घरी परतणार की आणखी वर्षभर थांबणार? उद्या सकाळी फोन करून सांगायचं होतं.

यात विचार करण्यासारखं काय होतं म्हणा. या परक्या गावात त्यांचं होतं तरी कोण? शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तर मोठ्या हौसेनं बायकोला घेऊन इथं सेवेला आले. रोज सकाळी ते कोट चढवायचे, बाई पर्स घ्यायच्या, आणि दोघं प्रभूची वार्ता सांगायला दारोदार बेल वाजवत फिरायची. आत टीव्ही चालू असायचा, पडदा जरासा हलायचा, दार काही उघडायचं नाही. रविवारी उपासनेसाठी बाई खालच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या. सुरुवातीला हॉलभर मांडायच्या, हल्ली एकच ओळ, म्हणजे रिकामं दिसत नाही. त्या ओळीत एक निवृत्त बसड्रायव्हर तेवढा येऊन बसायचा आणि उपदेश सुरू झाला की डुलक्या घ्यायला लागायचा. त्याची झोप मोडू नये म्हणून मास्तर हळू आवाजात बोलायचे.

बाईंनी बॅग केव्हाच भरली होती. नातीसाठी विणलेला स्वेटर सगळ्यात वर होता. भांडी घासताना, जिना चढताना त्यांचा एकच विषय चालायचा, घरी गेल्यावर आपल्या खोलीला रंग कुठला द्यायचा, पिवळा की निळा. तुला हवा तो दे, असं मास्तर म्हणायचे.

आणि परवा मुलाचा फोन आला. बाई अंघोळीला गेल्या होत्या. मुलगा आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "बाबा, परतायची घाई करू नका. तुमची खोली आता पोरीला अभ्यासाला दिलीय. तुम्ही आलात तर... म्हणजे बघू काहीतरी. तिकडे तुमची सोय चांगली आहे ना?"

अगदी चांगली आहे, असं सांगून मास्तरांनी फोन ठेवला. रंग ठरवत बसलेल्या बाईंना खोलीच उरली नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? छे. वाईटपणा घ्यायचाच तर तो आपण घ्यावा. काल दुकानात बाईंनी कपडे धुवायच्या पावडरीचा भलामोठा डबा उचलला. निघायच्या वेळी एवढा कशाला, असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाल्या, स्वस्त पडतो. थांबायचंच झालं तर तो संपेल तरी, असं मास्तरांच्या मनात आलं.

"हे प्रेमळ पित्या," मास्तरांनी एकदाची सुरुवात केली. अन्नाबद्दल आभार मानले, बसड्रायव्हरच्या गुडघ्यांसाठी मागणं केलं. मग घसा खाकरला. "पित्या, या गावाची मला फार गोडी लागलीय. इथली माणसं, इथली हवा सोडून जाववत नाही. अजून वर्षभर इथंच राहावं असं वाटतंय. मला एकट्याला वाटतंय. हिला ते समजून घेण्याची शक्ती दे. आमेन."

बाईंचं आमेन आलं नाही.

मास्तरांनी हळूच एक डोळा उघडून बघितलं. बाई डोळे मिटून तशाच बसल्या होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बाईंच्या रागाशी कसं वागायचं ते त्यांना इतक्या वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं. त्यांनी घाईघाईनं डोळा मिटून घेतला.

"पित्या," बाईंनी सुरुवात केली, "यांना क्षमा कर. सकाळी थंडीनं यांची बोटं वळत नाहीत, कोटाची बटणं मी लावून देते, आणि म्हणे इथली हवा सोडवत नाही. कधी नव्हे ते तुझ्याशी खोटं बोललेत, तेही माझ्यापायी. ते मनावर घेऊ नकोस."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी खाली उतरत गेलं.

"सूनबाईनं मला मागच्याच आठवड्यात फोन केला होता. यांना वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही, रंगाचं तेवढं चालू ठेवलं. खोलीला रंग देऊनसुद्धा झालाय. गुलाबी दिलाय. पोरीला आवडतो. पोरीला त्या खोलीत सुखी ठेव. आमेन."

मास्तर खाली मान घालून बसले होते.

बाईंनी डोळे उघडले, पदरानं पुसले आणि मास्तरांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"आमेन म्हणा," त्या म्हणाल्या. "जेवण निवतंय."