टेपला हात लावायचा नाही

आमच्या शिवणाच्या दुकानात मापं फक्त आईच घेते. मला टेपला हात लावायचीही बंदी. "आजीनेही मला लावू दिला नव्हता," एवढंच कारण.

पण परवा वर्गात मी पहिल्यांदाच आपणहून हात वर केला, सगळ्यांसमोर भाषण ठोकलं, आणि तेव्हापासून मी हवेतच आहे. म्हणून आज आई मशीनवर असताना टेप उचललाच.

समोर शेजारच्या काकू. त्यांनी हात वर करावेत असं नुसतं माझ्या मनात आलं, आणि त्यांचे दोन्ही हात वर गेले.

"अगं, मी नाही केले," काकू हसल्या. मग हसू मावळलं. "खाली येत नाहीयेत गं."

खरं सांगते, मला मजा वाटली. अजून वर, मी मनात म्हटलं. काकू चवड्यांवर उठल्या.

"टेप ठेव," आई म्हणाली.

"नाही ठेवणार."

मशीन थांबलं. आईने मांडीवरचं एक बोट हलवलं, आणि माझ्याच हातांनी टेप नीट गुंडाळून खाली ठेवला. काकू सुटल्या आणि ब्लाउजपीस तिथेच टाकून पळाल्या.

मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

"आई, परवा वर्गात..."

आई सुईत दोरा ओवत होती.

"किती वर्षं वर्गात गप्प बसणार होतीस?" ती मान वर न करता म्हणाली.