ऑनलाइनवाले आधी

नाशिकच्या जागतिक द्राक्ष परिषदेत चर्चा चालवणाऱ्या योगिनीचा एकच हट्ट होता: घरून ऑनलाइन जोडले गेलेल्यांना आधी बोलू द्यायचं. सभागृहातले लोक माइक पटकावतात आणि लांबचे बिचारे पडद्यावर हात वर करून ताटकळत बसतात. पडद्यावर एक जरी हात वर दिसला, तरी ती चर्चा संपवू देत नसे. चिलीतला एक शेतकरी दवाखान्यातल्या खाटेवरून बोलला, तेव्हा तिला सगळ्या धडपडीचं चीज झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तिच्या लेकीच्या, तेजलच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. सायखेड्याचे पाहुणे द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये मावेनात. लकव्याने आडवे झालेले सासरे, आबा, आतल्या खोलीत होते. औषधांचा वास बाहेर यायला नको, म्हणून योगिनीने त्यांचं दार ओढून घेतलं. बोलणी छान झाली. सुपारी फोडायचा मान घरातल्या थोरल्याचा. पण ती तिच्या नवऱ्याने, महेशनेच, फोडून टाकली.

पाहुणे गेल्यावर ती पेढा घेऊन आत गेली.

"आबा, जमलं बरं का तेजलचं! इथपर्यंत ऐकू येत होतं ना?"

"समदं आलं." लकव्यानंतर आबांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. "सुपारी फोडायच्या आधी महेशनं इचारलं ना, कोणाला काही बोलायचंय का?"

"हो, विचारलं की."

"तवा मी हात वर केला व्हता, पोरी."