सैल पट्टा

बेलीझच्या एलिजिओने जन्मभर परक्यांच्या सहली आखल्या: आधी समुद्रातली प्रवाळं, मग जंगल, शेवटी आपल्याच माया पूर्वजांची पडकी देवळं. “साऱ्या जगाला फिरवता, आणि बायकोने घरी थापायच्या मक्याच्या टोर्टिया!” फेलिपा टोमणा मारायची. “पुढच्या हंगामात नक्की गं,” तो हसायचा. अखेर त्याने तिच्यासाठी सहल आखली, बोटही ठरवली, आणि आदल्या आठवड्यात झोपेतच गेला. आज लेकाने तिला हट्टाने त्याच बोटीवर आणलं. नवऱ्याचा पाण्याखाली बघायचा चष्मा चढवून ती समुद्रात उतरली आणि लगेच ठसकत वर आली. “प्रवाळं दिसली का, आई?” “कुठली! सारखं पाणी शिरतंय.” “पट्टा सैल आहे. बाबांच्या डोक्याच्या मापाचा ना! थांब, आवळतो.” तिने त्याचा हात धरला. “नको रे. हे माप परत कुठून आणू?” आणि चष्मा तसाच चढवून ती पुन्हा पाण्यात उतरली.