पोच

माझ्यासारखाच हौशी रेडिओवाला, माझा मित्र विकास ठाकुरवाडीच्या कड्यावरून रेडिओसकट पडून गेला. तेरावा झाल्यावर त्याच्या भिसेगावच्या घरावरची अँटेना उतरवायला मी गेलो, तर त्याच्या बायकोने, वनितावहिनींनी, मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. रेडिओच्या खरखरीत गाडलेले, कानाला ऐकू न येणारे संदेश हा कॉम्प्युटर हुडकून स्क्रीनवर लिहितो. ओळ उमटली. विकासची कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं त्याचं रेडिओनाव, वहिनींच्या कॉलसाइनला हाक मारत होती; वहिनींचा परवाना त्यानेच हौसेने काढून दिला होता. त्याचा फुटका सेट समोरच्या कपाटात होता. “कुणीतरी चेष्टा करतंय,” मी म्हणालो, तरी उठून कपाटातला सेट पुन्हा बघून आलो. “रोज तिन्हीसांजेला येतंय, भाऊजी. पोच दिली की थांबतील?” “हो. पोच मिळेपर्यंत हाक चालूच राहते.” पुन्हा तीच ओळ आली. पोच द्यायला मी माउसकडे हात नेला. “सुटू द्या त्याला.” वहिनींनी माउस पदराखाली घेतला. “नाय. जेवायला हाका मारून माझा घसा सुकायचा, हे रेडिओसमोरून उठायचे नाय. आता त्यांना मारू द्या हाका.”