दारणेवरचा झुलता पूल

एकोणऐंशी साली दारणेवरचा झुलता पूल तपासायला मी नाशिकहून गेलो. पलीकडे पोचलेला प्रत्येक माणूस मागे वळून पुलाला ‘उपकार झाले’ म्हणायचा. इंजिनिअरिंगला आम्हाला हा विषय नव्हता.

मी मधोमध असताना काठावरून मिस्त्री रंगनाथ ओरडला, “साहेब, पूल पेलणारे दोन्ही लोखंडी दोर तुटलेत! टोकं पार गंजलीत, तुटून लय वर्सं झालीत!”

“मग मी उभा कशावर आहे?”

मागून कांद्याची पाटी घेऊन येणाऱ्या लंकाबाई म्हणाल्या, “चला की साहेब. एवढी वर्षं धरलंय त्यानं आम्हाला, आजच कसा सोडंल?”

पलीकडे पाय टेकताच मी वळून हात जोडले. “उपकार झाले,” अगदी मनापासून म्हणालो.

तेव्हा रिकामा पूल, कुणी खांदा बदलावा तसा, जरासा खाली गेला आणि पुन्हा वर आला.