विजेवरची सिगरेट

"नुसती ठिवली तर जळत न्हाई व्हय ही?" भाऊसोंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"काका, जळायला त्यात हाय काय?" ऋषभ म्हणाला. "ओढली की टोकाचा दिवा लागतो, वाफ येती. सोडली की बंद. गादीवर पडली तरी घर पेटायचं न्हाई."

राजारामपुरीतल्या ऋषभच्या मोबाईलच्या दुकानात ही वस्तू नवीनच आली होती. दोन हजार नऊ साली कोल्हापुरात तिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. दिसायला पेनाएवढी, चार्जर मोबाईलसारखा.

भाऊसोंची मुलगी संघप्रिया शेजारी उभी होती. कडेवर तान्हा आर्यन. पोराला जरा सर्दी झाली की छातीतून शिट्टी वाजायची. संघप्रिया नर्स. कोल्हापुरात नोकरी लागली म्हणून ती पोराला घेऊन वडिलांकडे राहायला येणार होती. अट एकच होती, घरात सिगरेटचा धूर नको.

"हे काही औषध नव्हे, आबा," ती म्हणाली. "ह्यातही निकोटिन आहेच. पण बाहेर जाऊन ओढा म्हटलं तर तुम्ही ऐकत नाही."

"त्या खोलीतच लागती," भाऊसो म्हणाले.

भाऊसो शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरून रिटायर झालेले. नोकरीत असताना विडीला शिवले नव्हते. दोन वर्षांपूर्वी धाकटा मुलगा सार्थक हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला, आणि म्हातारं साठीत बिघडलं, असं गल्ली म्हणायची. रोज तिन्हीसांजेला ते पानपट्टीवरून एक फिल्टरवाली आणायचे, सार्थकच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. थोड्या वेळाने फटीतून वास यायचा. ज्या सिगरेटवरून पोराला शिव्या घातल्या तीच आता बाप ओढतोय, यावर लोक हळहळायचे. गल्लीकडे कशाचंही उत्तर तयार असतं.

भाऊसो रडले मात्र नव्हते. राख सावडायच्या दिवशी बहीण सरुबाई नदीकाठी कावळ्यासाठी सार्थकच्या आवडीचं पान मांडायला निघाली, तेव्हा ते सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले होते.

"बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय हे! मेलेला माणूस खायला येत न्हाई, कळलं?"

सरुबाईने मुकाट्याने मटणाचा डबा बंद केला. त्या दिवसापासून भाऊसो बधिर झाले होते. जेवण पोटात जायचं, चव लागायची नाही. कुणी आलं काय, गेलं काय, सारखंच. फक्त आर्यन मांडीवर आला की त्यांचे हात आपणहून हलायचे. ते पोर घरात राहायला हवं होतं. तेवढं एकच हवं होतं.

"ओढून बघा की, काका," ऋषभ म्हणाला.

"मी नको. तूच दाव."

"आमच्या जैनांत चालत न्हाई हो." ऋषभने कानाला हात लावला. विकायला चालत होतं, तो भाग वेगळा. शेवटी त्याने दारातल्या गुंडू रिक्षावाल्याला हाक मारली. फुकटचं म्हटल्यावर गुंडू लगेच आला. त्याने दमदार झुरका घेतला. टोकाला लाल दिवा लागला.

"भिजल्या विडीगत लागतंय," गुंडू म्हणाला. "पर रोजच्याला चालंल. खिशात मावती, राख न्हाई, आन् घरात बायकोला वास न्हाई."

"राख न्हाईच?" भाऊसोंनी विचारलं. "वास बी न्हाई?"

"तोच तर फायदा, काका!" ऋषभ म्हणाला.

भाऊसोंचा चेहरा पडला. त्यांनी ती वस्तू काउंटरवर आडवी ठेवली आणि बघत राहिले. दिवा लागला नाही.

"म्हंजे कुणीतरी ओढायलाच पायजे."

"आता काय सांगावं, पावणं," गुंडू हसला. "सिगरेट हाय ती, उदबत्ती न्हवं."

संघप्रियाने ती विकत घेतली. भाऊसोंनी ती खिशात टाकली.

घरी आल्यावर तिने सार्थकच्या खोलीतली बशी धुवायला काढली. बशीत कालची राख होती, बोटभर लांब, कुठेही न मोडलेली.

"आबा, तुमची राख मोडत कशी नाही?"

"साचे भरल्यात जल्मभर. हात थिर हाय."

"बरं. आजपासून हीच ओढायची. सिगरेट परत घरात दिसली तर मी आर्यनला घेऊन जाणार, आधीच सांगते."

"न्हाई दिसायची."

तिन्हीसांज झाली. भाऊसो आज पानपट्टीवर गेले नाहीत. सार्थकच्या खोलीत गेले, दार लावलं. टेबलावर सार्थकचा फोटो होता, हसणारा, कॉलेजातला. त्यांनी धुतलेली बशी फोटोसमोर मांडली. खिशातून ती वस्तू काढली आणि रोजच्यासारखी बशीत ठेवली, तोंडाचं टोक फोटोकडे करून. मग हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

दिवा लागला नाही. बाहेर आर्यन काहीतरी बडबडत होता. भाऊसो बराच वेळ थांबले. मग त्यांनी ती उचलली, आधी उलटं टोक तोंडात धरलं, मग सुलटं, आणि जोरात आत ओढलं. टोक लाल झालं. छातीत असा ठसका बसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि वाफ फोटोच्या काचेवर पसरली.

"आबा, काय झालं?" बाहेरून संघप्रियाचा आवाज आला.

"काय न्हाई," ते म्हणाले. सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि फोटोपाशी तोंड नेऊन हळूच विचारलं, "असलं कसं ओढत हुतास रं, लेकरा?"