काढ्याची जाहिरात

साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर तिची पाठ थोपटली. "काढ्याच्या जाहिरातीतली ती बाई काय बोलते! लोक तुटून पडलेत. याला म्हणतात मार्केटिंग."

ती बाई मुळात नव्हतीच. 'सकाळी डोकं जड, दोन पायऱ्या चढले की धाप, आणि सांगायचं कुणाला? सगळे आपापल्या व्यापात,' ही वाक्यं जाहिरात लिहिताना तिने स्वतःच्या आईच्या तोंडची उचलली होती. 'काढा सुरू केला आणि सगळ्या गोळ्या सुटल्या,' एवढं एकच तिच्या पदरचं.

टाळ्या चालू असतानाच शेजारच्या काकूंचा फोन आला. आई चक्कर येऊन पडली होती.

दवाखान्यात ती धापा टाकत पोचली. डॉक्टर तिच्यावरच उखडले, "बीपीच्या गोळ्या कुणी बंद केल्या?"

तिने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली.

"आई, त्या काढ्यासाठी? अगं, जाहिराती खोट्या असतात, हजारदा सांगितलंय ना तुला!"

"असतील गं," आई क्षीण आवाजात म्हणाली, "पण ही बाई खोटी नाही. तिचं दुखणं अक्षरन् अक्षर माझंच आहे."